डोममागची लेन्स माशाचा फोटो काढत नाही

डोम पोर्ट, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक डब्यावर लेन्सपुढे बसणारी अर्धगोल पारदर्शक खिडकी, लावून पहिल्यांदा पाण्यात उतरले, त्या डाइव्हमध्ये मी एकशे चाळीस फोटो काढले. एकशे चाळीसही धूसर. ऑटोफोकस सारखा पुढे-मागे चाचपडत होता आणि मी मात्र निवांत होते, कारण कासव दोन मीटरवर होतं आणि वाइड लेन्सला दोन मीटर म्हणजे काहीच नाही. वर आल्यावर लेन्स दुरुस्तीला टाकली. दोष काही नाही म्हणून ती परत आली. दोष माझ्या डोक्यात होता: लेन्स कासवाचा फोटो काढतेय असं मी धरून चालले होते.

डोमच्या बाहेर पाणी, आत हवा. ही गोल सीमा स्वतःच एक भिंग होते, तेही उलटं, किरण फाकवणारं. त्यामुळे समोरच्या सगळ्या दृश्याची एक छोटी आभासी प्रतिमा डोमच्या थोडीशीच पुढे तयार होते आणि कॅमेऱ्याला दिसते ती एवढीच. हिशोब सोपा आहे. अगदी दूरची वस्तूसुद्धा डोमच्या पृष्ठभागापासून त्याच्या त्रिज्येच्या साधारण तिप्पट अंतरावर असल्यासारखी दिसते. माझा डोम चार इंची, म्हणजे त्रिज्या पाच सेंटिमीटर. अख्खा समुद्र डोमपुढच्या पंधरा सेंटिमीटरांत कोंबलेला! आठ इंची डोममध्ये हेच अंतर तीस सेंटिमीटर होतं, पण तिथेही तीस सेंटिमीटरवर आलेला मासा जेमतेम तेरावर दिसतो.

आता कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला वर्तुळातून आरपार रेघ गेलेली एक खूण शोधा. ती सेन्सरची जागा. लेन्सवर लिहिलेलं किमान फोकस अंतर तिथून मोजतात, लेन्सच्या तोंडापासून नाही. माझ्या लेन्सचं होतं पंचेचाळीस सेंटिमीटर. डोमची खोली आणि लेन्सची लांबी धरून चार इंची डोमपुढची प्रतिमा सेन्सरपासून तीस-बत्तीसवर पडत होती. फोकस होणार कुठून? म्हणून लेन्स घेताना मी आता सर्वांत आधी हा एक आकडा बघते. तो मोठा असेल तर लेन्सच्या पुढे प्लस दोनचा क्लोज-अप फिल्टर लावून काम भागवता येतं. फिशआय, म्हणजे सरळ रेषा वाकवून अतिरुंद दृश्य घेणाऱ्या लेन्स बहुतेक अगदी जवळ फोकस होतात, म्हणूनच त्या छोट्या डोममागेही सुखात नांदतात. (या नावाचा उगमही पाण्यातलाच. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये पाण्याखालून माशाला वरचं जग कसं दिसत असेल यावर लिहिलं, तेव्हापासून ‘फिशआय’.)

मग एवढा उपद्व्याप कशाला, साधा फ्लॅट पोर्ट का नको? कारण सपाट काचेमागून पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. पैसे मोजून घेतलेली वाइड लेन्स वाइड राहत नाही, आणि कडेला रंग फाटतात ते वेगळंच. मॅक्रोला, म्हणजे अगदी छोट्या विषयांच्या जवळून घेतलेल्या फोटोंना, फ्लॅट पोर्ट उत्तम. वाइडला डोमच.

दुसरी चूक एक्स्टेन्शन रिंगची, म्हणजे डोम लेन्सपासून पुढे सरकवायला डबा आणि डोममध्ये बसवतात त्या कड्याची. डोम तेव्हाच नीट काम करतो जेव्हा लेन्सचं प्रवेश-छिद्र डोमच्या गोलाच्या केंद्रावर येतं. म्हणजे लेन्स ज्या बिंदूतून ‘बघते’ तो बिंदू. मग त्या बिंदूकडे जाणारे किरण काचेला काटकोनात भेटतात आणि वळत नाहीत. हा बिंदू घरीच सापडतो. एक काठी जवळ, एक लांब, एकामागे एक उभ्या करा आणि कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवा. ज्या जागेभोवती फिरवल्यावर काठ्या एकमेकींपासून सरकत नाहीत, ती जागा. वाइड लेन्समध्ये ती बहुधा पुढच्या काचेजवळच असते.

रिंग बरोबर आहे का याची परीक्षा मी टबात घेते. एक लांब पट्टी पाण्यात अर्धी बुडवून उभी करायची, डोमही अर्धा बुडवायचा आणि फोटो काढायचा. पट्टीवरचे सेंटिमीटर पाण्यावर आणि पाण्याखाली सारख्याच आकाराचे दिसले तर जमलं. पाण्याखालचे मोठे दिसले तर रिंग आखूड आहे, लेन्स काचेच्या फार जवळ गेलीय. लहान दिसले तर रिंग लांब, आणि मग कोपऱ्यांत काळं येण्याचीही भीती. हौसेने घेतलेली एक रिंग मला पहिल्या टबातच परत करावी लागली. समुद्रात कळलं असतं तर आणखी एक डाइव्ह पाण्यात गेली असती, शब्दशः.

कोपरे तरीही थोडे मऊ राहतात. डोमने बनवलेली प्रतिमा सपाट नसते, वाटीसारखी वळलेली असते, सेन्सर सपाट. इलाज दोनच: मोठा डोम किंवा बारीक ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक). फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, सरळ रेषा सरळ ठेवणारी लेन्स असेल तर मी छिद्र एफ ११पेक्षा मोठं सहसा उघडत नाही, गरज पडली तर आणखी बारीक, १६. फिशआयला ८ चालतं. कोपऱ्यात निळं पाणीच असेल तर मऊपणा कोणाच्या बापाला दिसत नाही, त्यामुळे प्रवाळाचा खडक कोपऱ्यात न घेणं हाही एक इलाजच.

काच की ॲक्रिलिक यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. ॲक्रिलिक हलका असतो, चटकन ओरखडतो, पण ओरखडे घासून काढता येतात आणि बारीकसे असतील तर पाण्याने भरून दिसेनासेही होतात. काच टिकाऊ आणि जड. माझा ॲक्रिलिकचा आहे, कारण तो मी आपटते. पण जमिनीवर हलका-जड याहून पाण्यातली वर तरंगण्याची ओढ जास्त त्रास देते. आठ इंची पूर्ण अर्धगोल जवळपास दोन लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणजे दोन किलोचा जोर कॅमेऱ्याचं नाक सतत वर ढकलतोय. आत लेन्सचं वजन असतं, तरी तासाभराने मनगट बोलू लागतं. आधी उथळ पाण्यात धरून बघा.

जवळ जा. वाटतं त्याहून जवळ. मधलं पाणी जितकं कमी तितका रंग आणि धार जास्त. पाच-सहा मीटर खोलीवरच लाल रंग फिका पडलेला असतो आणि स्ट्रोबचा, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशचा, उजेड जेमतेम दीड मीटर उपयोगी पडतो. मुख्य विषय डोमपासून एक वीत, मागे निळं पाणी, कॅमेरा किंचित वर रोखलेला. अट एकच, प्रवाळाला पायातलं फिन लागता कामा नये.

स्ट्रोब डोमच्या मागे ओढून घ्या, हँडलच्या रेषेत, तोंडं थोडी बाहेरच्या दिशेला. अंधाऱ्या खोलीत त्यांचे फोकस दिवे लावा आणि समोरून डोमकडे बघा. डोम चमकला तर त्यांना अजून मागे घ्या.

अर्धा पाण्यात, अर्धा हवेत असा फोटो हवा असेल तर मोठा डोमच लागतो, छोट्यावर लाट एका झटक्यात अख्खी चढते. फोकस पाण्याखालच्या अर्ध्यावर लॉक करायचा, कारण ती प्रतिमा हाताच्या अंतरावर असते आणि आकाश खरोखर दूर. एफ १६ने दोन्ही बऱ्यापैकी सांभाळली जातात. थेंबांचा वैताग मात्र कायमचा. मी डोमवर थुंकते, बोटाने पसरवते, अख्खा बुडवते आणि झटकन वर घेते. पाण्याचा पातळ पडदा फाटून थेंब व्हायला तीन-चार सेकंद लागतात, तेवढ्यात शटर दाबायचं. नाही जमलं तर पुन्हा बुडवायचं. एका चांगल्या फोटोमागे माझ्या वीसेक बुडव्या तरी होतात, आणि बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, तोवर घड्याळ बघत असतो.