व्हेरिकोजचे मोजे घालायचे कसे (आणि कपाटात का पडून राहतात)

आमच्या आईचं डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र आहे, पहाटे पाचपासून दुपारपर्यंत ओट्यापाशी उभी. दोन वर्षांपूर्वी डाव्या पोटरीवर निळ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, संध्याकाळी घोटा असा सुजायचा की चपलेचा पट्टा रुतायचा. कलर डॉपलर (पायातला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) झाली, डॉक्टर म्हणाले व्हेरिकोज व्हेन्स, सध्या क्लास टू चे (क्लास म्हणजे दाबाची पायरी) घट्ट मोजे घाला, गुडघ्याखालचे. बस एवढंच, पुढचं सगळं आम्ही धडपडून शिकलो.

हे मोजे घोट्यापाशी सगळ्यात घट्ट असतात आणि वर गुडघ्याकडे सैल होत जातात. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचा स्नायू करतो, चाललं की तो पंपासारखा दाबतो, आणि शिरांमधल्या बारीक झडपा ते रक्त परत खाली येऊ देत नाहीत. तासन्‌तास नुसतं उभं राहिलं की पंप बंद, झडपा सैल पडल्या असतील तर रक्त खालीच साचतं. मोजा बाहेरून दाब देऊन ती कसर भरून काढतो. फुगलेल्या शिरा याने जात नाहीत हं, सूज आणि पाय भरून येणं कमी होतं.

आधी एक महत्त्वाचं, कुणी सांगितलं म्हणून स्वतःच घ्यायला जाऊ नका. ज्यांना चालताना पोटरी दुखून थांबावं लागतं, किंवा पाय गार पडतात, त्यांच्या धमन्यांत अडथळा असू शकतो आणि तिथे हाच दाब उलटा पडतो. शुगरमुळे तळव्याला काही जाणवतच नसेल तर मोजा रुतलेलाही कळत नाही. हार्टचा त्रास असेल किंवा पायाला जखम, इन्फेक्शन असेल तरी विचारूनच. आणि एकच पाय अचानक सुजला, गरम लागतोय, दुखतोय, तर मोजे शोधत बसू नका, रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ हॉस्पिटल.

आता माप. आमचा पहिला जोड इथेच फुकट गेला, सर्जिकलच्या दुकानात गेलो, त्या माणसाने काउंटरमागूनच आईकडे बघितलं आणि "मिडियम लागेल" म्हणून पाकीट दिलं. पोटरीला रुतून लाल वळ उठले आणि घोट्यापाशी मात्र ढगळ. माप सकाळी उठल्या उठल्या घ्यायचं, सूज यायच्या आधी, शिवणकामाच्या टेपने. घोट्याच्या हाडाच्या जरा वर जिथे पाय सगळ्यात बारीक आहे तिथला घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, आणि टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत लांबी. हे तीन आकडे पाकिटावरच्या तक्त्याशी जुळवायचे, घोट्याचं माप चुकलं तर सगळंच चुकलं. क्लास वन म्हणजे घोट्याला साधारण १८ ते २१ एमएम एचजी दाब (बीपी मोजतात त्याच मापात), क्लास टू म्हणजे २३ ते ३२, कुठला घ्यायचा ते डॉक्टरच ठरवणार.

घालायची वेळ म्हणजे अंथरुणातून उठायच्या आधी, नाहीतर आंघोळीनंतर दहा-पंधरा मिनिटं पाय वर ठेवून पडायचं आणि मग. आईने पहिल्या दिवशी साध्या मोज्यासारखा गोळा करून ओढला, टाचेपाशी अडकला तो अडकलाच, पाच मिनिटं झटापट करून म्हणाली मला नको हे. तर तसं नाही करायचं. मोज्यात हात घालायचा, आतून टाच चिमटीत धरायची आणि टाचेपर्यंतचा भाग उलटा करायचा. मग पाऊल आत सरकवायचं, टाच बरोबर टाचेत बसवायची, आणि उरलेला भाग थोडा थोडा तळहाताने वर चोळत न्यायचा, वरची कड धरून खेचायचं नाही. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड एकदम मस्त येते. आणि बोटं उघडी असणारा मोजा असेल तर पावलात भाजीवाल्याची पातळ पिशवी चढवायची, तिच्यावरून मोजा सुळकन सरकतो, मग पिशवी बोटांकडून ओढून काढायची.

वरची कड गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खाली. लांब झाला तर दुमडायचा नाही, दुमडलं की तिथे दाब दुप्पट होतो, घडी पडली तर हाताने सारखी करायची. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, तर लगेच काढा.

जोडवी आणि पैंजण आधी काढा, धागे ओढले जातात. टाचांच्या भेगांनाही अडकतात. आई सकाळी पायाला खोबरेल लावायची, ते बंद केलं, तेलाने मोजा घसरतो आणि इलॅस्टिकही खराब होतं, आता मोजे काढल्यावर रात्री लावते. झोपताना काढायचेच, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. आणि ओल्या फरशीवर नुसत्या मोज्यांनी फिरू नका, सरकून पडाल, चप्पल हवीच.

रोज साध्या साबणाने हाताने धुवायचे, पिळायचे नाहीत, टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढायचं आणि सावलीत वाळत घालायचे. पावसाळ्यात एका रात्रीत वाळत नाहीत म्हणून दोन जोड लागतातच, महाग आहेत पण इलाज नाही.

सहा महिन्यांनी आई खुशीत म्हणाली, "बघ, आता कसे पटकन चढतात!" म्हटलं अगं सवयीने नाही, इलॅस्टिक गेलंय त्यांचं. रोज वापरले तर साधारण तेवढंच टिकतात. नवीन जोड आणला, परत साडेचारला रबरी हातमोजे घालून कुस्ती सुरू.