लिलावाच्या कॅटलॉगमागची नोकरी

"इतिहासात एम.ए. केलंय, नाण्यांची आवड आहे, लिलावघरात काम मिळेल का?" असं विचारणारी मुलं-मुली मला सारखी भेटतात. काम मिळतं. पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा हातोडा आणि बोली असते. हातोडा वर्षातून मोजक्या दिवशी वाजतो. उरलेले दिवस टेबल, दिवा, काटा आणि भिंग यांच्यासोबत जातात. मी मुंबईत नाण्यांच्या लिलावांचे कॅटलॉग लिहिते. त्यामुळे पुढचं सगळं त्या खुर्चीवरून दिसतं तसं आहे. चित्रं, दागिने, जुनं फर्निचर यांची दुनिया वेगळी, तिथला पैसाही वेगळा.

कॅटलॉगर म्हणजे काय करतो? समोर एक नाणं येतं. त्याचं वजन, व्यास, धातू, टांकसाळ, सन, राजवट, दोन्ही बाजूंचा मजकूर, प्रत (म्हणजे नाणं किती झिजलंय ते), आणि आधीच्या सूचींमधला क्रमांक एवढं चार-पाच ओळींत बसवायचं. त्या ओळींवर विश्वास ठेवून नागपूरचा किंवा दुबईचा माणूस नाणं हातात न घेता बोली लावणार असतो. म्हणून या कामाचा एकच नियम मी नव्या मुलांना सांगते: डोळ्याला आणि काट्याला दिसलं तेवढंच लिहा. मालकाने काय सांगितलं, आपल्याला काय असावंसं वाटतं, ते वेगळ्या कागदावर.

हे ऐकायला सोपं आहे. शिवराई समोर आली की किती अवघड ते कळतं.

शिवराई हे तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांच्या नावाचं नाणं हातात आलं की कुणाच्याही अंगावर काटा येतो, माझ्याही आला. पण हेच नाणं पुढे पेशवाईतही पाडलं जात राहिलं, आणि इंग्रजी अंमल आल्यावरही खेड्यापाड्यांत चालत राहिलं. बाजारात ढिगाने मिळतात त्या बहुतेक या उत्तरकालीन शिवराया. त्यांतली दुदांडी तर लगेच ओळखू येते: 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा. महाराजांच्या काळातली मानली जाणारी शिवराई अकरा-बारा ग्रॅमच्या आसपास भरते, अक्षरं रेखीव असतात. उत्तरकालीन शिवराया सहसा हलक्या, अक्षरं जाड आणि घाईची. 'शिव'चं 'सिव' झालेलं, 'पति'चं 'पती' झालेलं, अक्षर उलटं पडलेलं, असे प्रकार तर इतके की काही संग्राहक फक्त तेवढेच जमवतात.

नाणं विकायला आणणारा माणूस मात्र म्हणतो, "महाराजांच्या राज्याभिषेकाचं आहे, तसंच लिहा." तुम्ही 'मराठा साम्राज्य, उत्तरकालीन शिवराई' असं लिहिलंत की त्याचा चेहरा पडतो. कधी तो नाणं उचलून घेऊन जातो. जाऊ द्यावा. महाराजांच्या नावाच्या सोन्याच्या होनाबाबत तर आणखी ताठ राहावं लागतं. असे खरे होन जगात अगदी मोजके आहेत, आणि 'आमच्या घरातला होन' म्हणून येणारे बहुतेक ओतीव नकली असतात. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर भिंगातून बारीक खळगे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ वाटतात, आणि कडेवर कधीकधी साच्याचा जोड सापडतो. ठोकून पाडलेल्या नाण्यात ठोक्याच्या दाबाने धातू सरकल्याच्या खुणा असतात. हा फरक लिहून शिकवता येत नाही, शे-दोनशे साधी, स्वस्त, खरी नाणी हाताळली की बोटांना कळायला लागतो. म्हणून माझा सल्ला: पहिल्या वर्षी दुर्मीळ काहीही विकत घेऊ नका. साधी खरी नाणी घ्या, खूप घ्या.

दुसरी गोष्ट लिपीची. मोडी येत असेल तर उत्तम, टपालाची जुनी पाकिटं, हुंड्या, स्टॅम्पपेपर हेही लिलावात येतात आणि त्यांवर मोडीच असते. पण नाण्यांसाठी फारसी अक्षरं ओळखता आलीच पाहिजेत. मराठ्यांचे रुपयेसुद्धा बहुतांश फारसी मजकुराचे आणि मोगल बादशाहाच्या नावाचे आहेत. पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया घ्या. त्यावर अंकुशाची खूण आहे म्हणून तो मराठी हे आपल्याला कळतं, बाकी मजकूर शाह आलमच्या नावाचा, आणि टांकसाळीचं नाव 'मुहियाबाद पूना'. घाबरायचं कारण नाही. फारसी भाषा यायला लागत नाही. मोगल धाटणीच्या रुपयांवर तीच ती दहा-बारा शब्दांची पठडी असते: सिक्का, मुबारक, बादशाह, गाझी, जर्ब, सनह, जुलूस, मैमनत, मानूस. एवढे शब्द आणि फारसी आकडे एका पावसाळ्यात येतात.

गंमत पुढे आहे. नाणं ठोकायचा साचा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे पूर्ण मजकूर सहसा कुठल्याच नाण्यावर उमटत नाही. एकावर वरचा तुकडा, दुसऱ्यावर डावा, आणि टांकसाळीचं नाव बहुधा चकतीच्या बाहेर. दिसणारी दीड अक्षरं कोणत्या शब्दाची हे ओळखायचं तर न दिसणारा मजकूर आधी पाठ हवा. मी नव्या मुलांना पूर्ण साचा कागदावर काढायला लावते आणि त्यावर नाण्याएवढं भोक पाडलेला कागद फिरवायला सांगते. जिथे भोक थांबेल तिथे काय दिसतं ते वाचा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला माहीत नाही.

सनांचा घोळ वेगळाच. हिजरी सन चांद्र, त्यामुळे हिजरी १२०० म्हणजे इसवी १७८५-८६. साधी बेरीज चालत नाही. मराठी रुपयांवर फसली, म्हणजे महसुली, सन असेल तर त्यात ५९० मिळवले की अंदाज येतो. बादशाहाच्या कारकिर्दीचं वर्ष, म्हणजे जुलूस, हेही असतं, आणि ते कधीकधी गोठलेलं असतं. ईस्ट इंडिया कंपनीने मुर्शिदाबादच्या नावाचे रुपये वर्षानुवर्षं शाह आलमच्या १९ व्या जुलूसाचेच पाडले. इंग्रजी अक्षरांच्या नाण्यांतही तेच: १८६२ साल असलेला व्हिक्टोरियाचा रुपया १८७४ पर्यंत पाडला जात होता, मुंबईच्या टांकसाळीत तर कोणत्या वर्षीचा ते बारीक टिंबांवरून ओळखावं लागतं. नाण्यावर छापलेलं साल आणि नाणं पाडलं ते साल या दोन गोष्टी आहेत, आणि कॅटलॉगमध्ये दोन्ही लिहाव्या लागतात.

हत्यारं फार लागत नाहीत. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर, दहापट भिंग, चांगला दिवा. १८३५ ते १९३९ च्या ब्रिटिश रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. नाणं दोऱ्याने पाण्यात टांगून वजन केलं की घनता काढता येते. या चांदीची सुमारे १०.३ यायला हवी. मोठ्या ठिकाणी धातू तपासायचं एक्सआरएफ यंत्र असतं, पण त्याने फक्त धातू कळतो. १९३८ च्या रुपयातला ८ कोरून ९ केला, तर धातू खराच असतो. १९३९ चा चांदीचा रुपया अत्यंत दुर्मीळ असल्यामुळे हा उद्योग सर्रास चालतो, आणि तो फक्त भिंगाखाली पकडता येतो.

आता लोक घेऊन येतात त्या वस्तूंबद्दल, कारण तुमच्या पहिल्या वर्षाचा निम्मा वेळ 'नाही' म्हणण्यात जाणार. राम दरबार किंवा हनुमान आणि मागे 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं लिहिलेली तांब्याची चकती: कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही, हा बाजारी माल आहे. वैष्णोदेवीचं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं लाखोंना जातं असा व्हिडिओ पाहून आलेले काका: ते २०१३ च्या सुमाराचं स्मारक नाणं आहे, भरपूर पाडलेलं. तांदूळ ओढणारं भांडं, म्हणजे राईस पुलर: सरळ फसवणूक, चर्चेतही पडू नका. जुन्या नोटा-नाणी विकून देतो, आधी कमिशन भरा, असं रिझर्व्ह बँकेच्या नावाने फोन येतो. बँकेने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं की अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही. हे सगळं समोरच्याला न दुखावता सांगता यायला हवं. आजीच्या ट्रंकेतून निघालेल्या वस्तूला किंमत नाही हे ऐकणं सोपं नसतं. काही काका भांडतात. एखादी मावशी मात्र म्हणते, "बरं झालं बाई, आता नातवाला खेळायला देते."

आणि नाणं खरं निघालं तरी ते बऱ्याचदा चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासून लखलखीत केलेलं असतं. किंमत तिथेच निम्म्याच्या खाली जाते. तांब्यावरचा जुना काळपट थर ग्राहकाला हवा असतो. घरच्यांना, शेजाऱ्यांना, भेटेल त्याला सांगा: घासू नका.

कायदा पाठ असलाच पाहिजे, आणि मुलाखतीत तो विचारतातही. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२. तो लागू झाला १९७६ मध्ये. शंभर वर्षं पुरी झालेलं नाणं पुरावशेष ठरतं. हस्तलिखितांसाठी मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ही शंभर वर्षांची रेषा दरवर्षी पुढे सरकते, हे नव्यांच्या लक्षात येत नाही. पंचम जॉर्जचे १९११ ते १९२२ चे चांदीचे रुपये आता सगळे तिच्या पलीकडे गेलेत. त्यामुळे परदेशातला मराठी ग्राहक "मला इकडे कुरियर करा" म्हणाला तर उत्तर ठरलेलं आहे. भारतातल्या पत्त्यावर घ्या, भारतातच ठेवा.

दुसरा कायदा १८७८ चा, गुप्तधनाचा. जमिनीत दडलेलं आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मातीने माखलेली, एकमेकांना चिकटलेली नाणी पिशवीत घालून कुणी आलं की आम्ही ती टेबलावर ओतूनही घेत नाही. कुठून आली हे विचारायचं, कायदा सांगायचा, परत पाठवायचं. या बाबतीत ढिलाई करणारं लिलावघर दिसलं तर पगार कितीही असो, तिथे राहू नका. तुमचं नाव कॅटलॉगच्या कामाशी जोडलेलं असतं, ते पुसता येत नाही.

प्रत्यक्ष लिलावाचा दिवस थोडक्यात. आदल्या दिवशी किंवा सकाळी माल पाहायला ठेवतात. तिथे उभं राहून जाणकार काय कुजबुजतात ते ऐका, तेवढी शिकवणी फुकट मिळते. मग एकेक लॉट, म्हणजे विक्रीचा नग, पुकारला जातो. सभागृहातले पॅडल, फोनवरचे ग्राहक, ऑनलाइन बोल्या आणि आधीच लिहून ठेवलेल्या कमिशन बोल्या, सगळं एकाच वेळी. एक वार, दोन वार, तीन वार, आणि हातोडा. पडलेल्या बोलीवर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावघर ग्राहकाकडून घेतं ते शुल्क, आणि जीएसटी लागतो. नवा ग्राहक हे विसरतो आणि बिल पाहून तुमच्याशी वाद घालतो: दहा हजारांची बोली, प्रीमियम पंधरा टक्के धरला, तर साडेअकरा हजार, वर कर. हे आधी समजावून सांगणं कॅटलॉगरच्याच गळ्यात पडतं.

शिकायचं कुठे? नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, आयआयआरएनएस. तिथलं ग्रंथालय पाहाच. मराठ्यांच्या टांकसाळींवर माहेश्वरी आणि विगिन्स यांचा तिथूनच १९८९ साली निघालेला इंग्रजी ग्रंथ आजही आमच्या टेबलावर उघडा असतो. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय नवशिक्यासाठी उत्तम. पुण्या-मुंबईत भरणारी नाणी प्रदर्शनं चुकवू नका, पण पहिल्या फेरीत पाकीट बाहेर काढू नका. पदवीबद्दल विचाराल तर इतिहास, पुरातत्त्व, प्राच्यविद्या कुठलीही चालते. कॉमर्सवाले आणि एक इंजिनियर या कामात माझ्यापेक्षा पुढे गेलेले मी पाहिलेत.

पगार सुरुवातीला तुटपुंजा. हे आधीच घरी सांगून ठेवा, नाहीतर दिवाळीत नातेवाईक सांगतील. वाढतो तो एखाद्या विषयात नाव झाल्यावर: कुणी मराठा, कुणी गुप्तांचं सोनं, कुणी गोव्याची पोर्तुगीज नाणी. गोव्याच्या नाण्यांकडे मराठी मुलं अजून फारशी वळलेली नाहीत. पोर्तुगीज वाचायची तयारी असेल तर तिथे जागा आहे.

अर्ज करताना प्रमाणपत्रांची फाईल जाडजूड करण्यात वेळ घालवू नका. स्वतःकडची पाच साधी नाणी घ्या, फोटो काढा, वजन-व्यास-मजकूर-सन सगळं लिहून प्रत्येकाची नोंद तयार करा, आणि ज्या जागी खात्री नाही तिथे 'वाचता येत नाही' असं स्पष्ट लिहा. मी अर्ज चाळते तेव्हा सगळ्यात आधी ते तीन शब्द शोधते.