पाऊस ओसरला, आता हंसराज नेचा जपा

श्रावणात हौसेनं आणलेला हंसराज हा नेचा (फर्न) दसऱ्यापर्यंत हिरवागार असतो आणि दिवाळीच्या आत कुरकुरीत वाळतो. पुणे-नाशिककडे ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. रोप कमजोर निघालं असं लोकांना वाटतं, पण खरा फरक हवेत पडलेला असतो. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80-90 टक्के असते, त्यामुळे पाणी द्यायला एखादा दिवस उशीर झाला तरी निभावतं. ऑक्टोबर सरता सरता दुपारची आर्द्रता निम्म्यावर येते. या नेच्याची पानं कागदासारखी पातळ असतात. मुळं एकदा कोरडी पडली की पानं आक्रसतात, आणि मग कितीही पाणी घातलं तरी तीच पानं पुन्हा उघडत नाहीत. म्हणून पुढच्या दोन महिन्यांत एकच गोष्ट सांभाळायची: कुंडीतली माती एकदाही पूर्ण सुकू द्यायची नाही.

आधी आपल्याकडे कोणता हंसराज आहे ते पाहा. रोपवाटिकेत मिळतो तो बहुतेक वेळा दक्षिण अमेरिकेतून आलेला, बारीक पंख्यासारख्या पानांचा मेडनहेअर. तो बाराही महिने हिरवा राहू शकतो. सह्याद्रीत, कोकणातल्या जांभ्याच्या गडग्यांवर आणि जुन्या विहिरींच्या काठांवर पावसात उगवतो तो आपला रानातला हंसराज. त्याची पानं अर्धचंद्रासारखी असतात, शेंडा लांबत जाऊन मातीला टेकतो आणि तिथंच नवं रोप धरतं. हा पावसाळा संपला की वाळतो, आणि ते त्याच्या स्वभावातच आहे. तुमच्या कुंडीत हा असेल तर तो मेला म्हणून फेकू नका. वाळलेली पानं कापा, कुंडी सावलीत ठेवा, आठवड्यातून एकदा जेमतेम ओल द्या. पहिल्या पावसाबरोबर कोंब येतात. आणि हात जोडून विनंती आहे, घाटातून उपटून आणू नका. तिथला बहर आधीच पायवाटांच्या कडेनं विरळ होत चालला आहे, शिवाय उपटलेलं रोप घरात क्वचितच तगतं.

पाणी कसं द्यायचं, याचा नियम तारखेवर ठरवू नका. रोज सकाळी कुंडी उचलून वजन बघा, आठवडाभरात हाताला अंदाज येतो. कुंडी हलकी लागली की ती बादलीभर पाण्यात 15-20 मिनिटं बुडवून ठेवा, मग पूर्ण निथळू द्या. वरून तांब्यानं ओतलेलं पाणी सुकून आकसलेल्या मातीच्या कडेनं थेट खाली निघून जातं, मधली मुळं कोरडीच राहतात. हे दिसत नाही, म्हणून जास्त रोपं याच कारणानं जातात. मात्र ताटलीत पाणी साठवून कुंडी सतत त्यात उभी ठेवली तर मुळं कुजतात.

पाणी कुठलं, हेही महत्त्वाचं. बोअरचं क्षारयुक्त पाणी सतत मिळालं की पानांच्या कडा तपकिरी होतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारं वाया पाणी झाडांना घालायची पद्धत आहे, पण त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. हंसराजाला ते देऊ नका. परतीच्या पावसात दोन-तीन कॅन भरून झाकून ठेवले तर नोव्हेंबरपर्यंत कामी येतात.

जागा बदलण्याचीही हीच वेळ. पावसाळ्यात जी खिडकी ढगाळ होती तिथं आता ऊन येतं. उत्तरेची किंवा कोवळ्या उन्हाची पूर्वेची खिडकी चालेल, दुपारचं थेट ऊन तासाभरातही पानं भाजतं. आणि पंखा! छताच्या पंख्याखाली ठेवलेल्या माझ्या दोन कुंड्या पाणी वेळेवर देऊनही चार दिवसांत गेल्या. पंखा आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवा. न्हाणीघरात उजेड असेल तर ती उत्तम जागा. फवाऱ्यानं पानांवर पाणी मारण्याचा परिणाम काही मिनिटंच टिकतो. त्यापेक्षा चार-पाच कुंड्या एकत्र ठेवल्या तर आसपासची हवा जास्त वेळ दमट राहते.

आता कुंडी बदलू नका. मुळं विभागायची तर जून-जुलैमध्येच. तेव्हा कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा आणि जाड वाळू समप्रमाणात घ्या, मूठभर कोळशाचा चुरा मिसळा. कोकोपीट आधी दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यातले क्षार निघून जातात. नुसती काळी माती वापरू नका, ती चिकटते आणि तडकतेही. देशावर प्लास्टिकची कुंडी मातीच्या कुंडीपेक्षा बरी, ओल टिकते. खत अगदी बेतानं: लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत), तेही तीन-चार आठवड्यांतून एकदा आणि ओल्या मातीतच. थंडीत तेही बंद.

पानाच्या मागच्या कडेला तपकिरी पट्टे दिसले म्हणून औषध मारू नका. पानाची कड आत मुडपून त्याखाली बीजाणू तयार होतात, ती कीड नाही. खरी कीड म्हणजे देठांना चिकटलेले खवले किंवा पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण. तो ओल्या कापसानं पुसा, फार पसरला असेल तर ते पान तळातून कापा. साबणाचं पाणी आणि तेलकट फवारे या नेच्याला सोसत नाहीत.

छोट्या रोपवाटिकावाल्यांसाठी एवढंच: 75 टक्क्यांच्या शेडनेटखालची, फॉगरच्या (धुक्यासारखे बारीक तुषार सोडणाऱ्या यंत्राच्या) दमटपणात वाढलेली रोपं थेट गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नका. विक्रीआधी 10-15 दिवस फॉगर हळूहळू कमी करून त्यांना मोकळ्या हवेची सवय करून द्या.

आणि एवढं करूनही एखादी कुंडी सुकलीच, तर देठ मातीपासून दोन सेंटिमीटरवर कापा, कुंडी बुडवून निथळू द्या आणि पारदर्शक पिशवीनं सैलसर झाकून सावलीत ठेवा. खालचं खोड जिवंत असेल तर तीन-चार आठवड्यांत वळलेले, तांबूस कोंब मातीतून वर येताना दिसतात. कोंब दिसले की पिशवी एकदम काढू नका, रोज थोडी थोडी उघडा.