काट्याची पावती खरेदी रजिस्टरात नेताना फील्ड मॅपिंग कसं करायचं

हिंगणघाटपासून आत, समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेबाचं आणि कंप्युटरचं काम पाहते. दसऱ्यानंतर कापूस सुरू झाला की काट्याच्या मशीनमधून रोज एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) निघते. ती खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाते आणि तिथून बँकेत पाठवायची चुकाऱ्याची, म्हणजे शेतकऱ्यांना द्यायच्या पैशांची, फाइल तयार होते. मधलं काम म्हणजे काट्याच्या फाइलमधला कुठला रकाना (फील्ड) खरेदी रजिस्टरातल्या कुठल्या रकान्यात जाईल हे जोडणं, यालाच फील्ड मॅपिंग म्हणतात. त्यासाठी आम्ही अपाचे हॉप हे डेटा इकडून तिकडे नेणारं सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. तुमच्याकडे पेंटाहो, पॉवर क्वेरी किंवा दुसरं काही असेल तर बटणांची नावं वेगळी असतील, काम हेच. आजूबाजूच्या कंपन्यांतले ऑपरेटर विचारत असतात म्हणून लिहिते आहे, त्यामुळे उदाहरणं सगळी आपल्याच गावातली.

सॉफ्टवेअर उघडू नका

डावीकडे सोर्सची (जिथून डेटा येतो त्या फाइलची) फील्ड, उजवीकडे टार्गेटची (जिथं भरायचा त्या रजिस्टरची), आणि मधे रेघा ओढायच्या, एवढंच काम स्क्रीनवर दिसतं. नावं जुळली की आपोआप जोडून देणारं बटणही असतं. ते दाबायचा मोह आवरा. काट्याच्या फाइलमधली ‘रक्कम’ ही वजन करून देण्याची फी असते, पन्नास-शंभर रुपये. खरेदी रजिस्टरातली ‘रक्कम’ म्हणजे कापसाचे पैसे. बटणाला दोन्ही सारखीच.

आधी एक्सेलमध्ये किंवा चक्क वहीत तक्ता करा. सुरुवात टार्गेटकडून करा, कारण शेवटी भरायचं तिथं आहे. टार्गेटच्या प्रत्येक फील्डसमोर लिहा: ते अक्षरी आहे की आकडी, लांबी किती, भरलंच पाहिजे का, सोर्समधल्या कुठल्या फील्डमधून येतं, येताना काय बदलतं, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं. शेवटचा रकाना लोक गाळतात, पण माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा. ‘कटतीचा (ओलाव्यासाठी दर कापण्याचा) नियम: ग्रेडरला (कापसाची प्रत ठरवणाऱ्याला) विचारून’ असं लिहिलेलं असलं की पुढच्या हंगामात कुणाशी वाद घालायचा ते कळतं.

सोर्सची जी फील्ड घ्यायची नाहीत तीही तक्त्यात ठेवा आणि पुढे ‘सोडलं’ असं लिहा, कारणासकट. नाहीतर नवीन आलेला माणूस त्याला राहून गेलेलं समजतो आणि जोडून टाकतो.

मग खरा डेटा पाहा. सॉफ्टवेअर देणारा जी फील्डची यादी पाठवतो ती भरवशाची नसते. एक भर हंगामातला आठवडा आणि एक मार्चमधला, दोन्हीकडच्या फाइली घ्या. प्रत्येक रकान्यात वेगवेगळी मूल्यं किती, रिकामी किती, सगळ्यात लांब मूल्य कोणतं, हे पिव्होट लावून काढा. आमच्या ‘माल’ या रकान्यात कापूस, कापुस, कॉटन, कपाशी, फरदड आणि नुसतं ‘का’ असं सगळं सापडतं. यातलं फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच झाडं ठेवून घेतलेला कापूस, वेगळं ठेवावं लागतं, त्याचा दर वेगळा. बाकी सगळं एका कोडवर आणायचं. हॉपमध्ये त्यासाठी व्हॅल्यू मॅपर आहे. त्यात न जुळणाऱ्या मूल्यासाठी ‘अनोळखी’ असं भरा, म्हणजे उद्या कुणी ‘कापूस नवा’ टाइप केलं तर ते लपून राहणार नाही.

एक ओळ म्हणजे काय

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. टार्गेटमध्ये एक ओळ म्हणजे एका शेतकऱ्याची एक खरेदी. काट्याच्या फाइलमध्ये एक ओळ म्हणजे एक वजन. या दोन गोष्टी एक आहेत असं धरून चाललात की पुढचं सगळं मॅपिंग बरोबर असूनही हिशेब चुकतो.

आमच्या काट्यावरच्या काकाजींनी हे एका वाक्यात सांगितलं होतं: “गाडी एक हाय बाई, पण कापूस तिघांचा. तुह्या कंप्युटरले हे समजते काय?” शेजारचे तिघं मिळून एक बोलेरो पिकअप करतात. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन ३,१३० किलो. पहिल्याचा कापूस उतरवला की पुन्हा काटा, २,६१०. दुसऱ्याचा उतरवला, २,१५०. तिसऱ्याचा उतरवून रिकामी गाडी १,७४०. म्हणजे तीन पावत्या, ५२० किलो, ४६० किलो आणि ४१० किलो. प्रत्येक पावतीचं रिकामं वजन हेच पुढच्या पावतीचं भरलेलं वजन. तिन्हीवर गाडी नंबर एक, तारीख एक आणि पुष्कळदा नावही एकच, ज्यानं गाडी ठरवली त्याचं.

म्हणून गाडी नंबर आणि तारीख यांची जोडी ओळख म्हणून कधीच वापरू नका. सॉफ्टवेअर त्या तीन पावत्यांना एकच समजून शेवटची ठेवेल आणि दोघांचा कापूस कागदावरून गायब. ओळख पावती क्रमांकाचीच. पण पावती क्रमांकही दर हंगामाला एकपासून सुरू होतो, मशीन दुरुस्त करून आणलं तरी एकपासून सुरू होतो. त्यामुळे हंगाम, काट्याचा कोड आणि पावती क्रमांक हे तीन जोडून किल्ली बनवा. मशीन मधेच परत एकवर आलं तर काट्याचा कोड बदला. लोड करताना इन्सर्ट-अपडेट (ओळ नसेल तर नवी घालणारं, असेल तर तीच बदलणारं पाऊल) वापरा आणि तीच किल्ली द्या, म्हणजे फाइल चुकून दोनदा चालली तरी शेतकऱ्याचा कापूस दुप्पट होणार नाही.

नाव एकच असलेल्या पावत्यांचं काय? ते मॅपिंगनं सुटत नाही. काट्यावर सभासद क्रमांकाचा रकाना भरायला लावा. आमच्या मशीनमध्ये ‘शेरा’ नावाचं एक रिकामं फील्ड होतं, त्यात तो क्रमांक टाकायला सांगितलं. मॅपिंगमध्ये ‘शेरा’ जातो ‘सभासद क्रमांक’ला. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, म्हणून तक्त्यात ठळक लिहून ठेवलं आहे.

वजन, ओलावा, पैसे

किलोचे क्विंटल करायला शंभरनं भागा, हे सांगायला नको. दशांश किती ठेवायचे आणि पूर्णांक कधी करायचा, हे मात्र ठरवून घ्या. नियम एकच, मधे कुठंही राउंडिंग करायचं नाही, शेवटच्या रकमेवरच करायचं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, तोच दर धरून पाहा. आठ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की आमच्याकडे टक्क्याला टक्का दर कापतात. ओलावा दहा आला तर दर ७,९४७.८० होतो आणि ५.२० क्विंटलचे ४१,३२८.५६ रुपये होतात. दरच आधी ७,९४८ केला तर ४१,३२९.६०. फरक एक रुपया चार पैसे. शेतकरी त्यावर भांडणार नाही, पण हंगामाच्या शेवटी ऑडिटर बसतो तेव्हा हजारो पावत्यांचे असे रुपये कुठून आले हे तुम्हालाच शोधावं लागतं. पैशाचं फील्ड डेसिमल किंवा बिगनंबर प्रकारचं ठेवा, फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नको.

ओलाव्याचं फील्ड जरा धोक्याचं आहे. संध्याकाळी गर्दीत मीटर लावायचा राहतो आणि रकाना रिकामा येतो. टार्गेटमध्ये रिकामं चालत नाही, म्हणून कुणीतरी डिफॉल्ट शून्य देऊन टाकतं. शून्य टक्के ओलावा म्हणजे कापूस एकदम वाळका, कटती काहीच नाही, पूर्ण दर. मीटर लावलाच नव्हता हे कुणाला दिसतच नाही. रिकामं ते रिकामंच राहू द्या आणि ती ओळ बाजूला काढा. हॉपमध्ये ‘फिल्टर रोज’ (Filter Rows) हे पाऊल लावून ‘ओलावा रिकामा, किंवा चारपेक्षा कमी, किंवा बारापेक्षा जास्त’ अशा ओळी वेगळ्या फाइलमध्ये पाठवा. बारा टक्क्यांच्या वरचा कापूस सीसीआय (हमीभावानं खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ) घेत नाही, तेव्हा तिथं एकदा माणसाची नजर पडलेली बरी.

खाते क्रमांक हा आकडा नाही

दिसतो आकड्यासारखा, पण त्याची बेरीज कुणी करत नाही. तो अक्षरी म्हणूनच आणा. सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली की सुरुवातीची शून्यं जातात, आणि एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूकता ठेवत असल्यामुळे सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो. एकदा सेव्ह केलं की गेलेला अंक परत येत नाही. म्हणून फाइल कधीही डबल क्लिकनं उघडायची नाही, पॉवर क्वेरीतून किंवा ‘डेटा’ मेनूतून आणायची आणि तो रकाना टेक्स्ट करायचा. हॉपमधलं ‘गेट फील्ड्स’ बटणही नमुन्याच्या ओळी पाहून खात्याला इंटिजर ठरवून मोकळं होतं. तिथं हातानं स्ट्रिंग करा.

आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो, पहिली चार इंग्रजी अक्षरं, पाचवं नेहमी शून्य, पुढची सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाइप केलेलं तुम्हाला दर यादीत सापडेल. पाचव्या जागेपुरतं ते आपोआप दुरुस्त करायला हरकत नाही, तिथं दुसरं काही असूच शकत नाही. शेवटच्या सहामध्ये मात्र हात घालू नका. जुनी पासबुकं असतील तर आणखी एक पाहा: देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली, पण तिचे जुने कोड लोकांच्या झेरॉक्सवर अजून आहेत. त्यासाठी जुना कोड-नवा कोड असा लुकअप तक्ता ठेवा आणि नवा कोड शेतकऱ्याच्या नव्या पासबुकावरूनच घ्या.

नावं, गावं, जमीन

नाव जुळवून माणूस शोधू नका. मारोती, मारोतराव, मारुती, तिन्ही एकच आणि कधीकधी तिन्ही वेगळे. सभासद क्रमांकावरच जोडा, नाव फक्त पडताळणीला ठेवा. आता बहुतेकांकडे शेतकरी ओळख क्रमांक आलेला आहे, तोही अक्षरी फील्डमध्ये घेऊन ठेवा. आधार क्रमांक मात्र या प्रवासात न्यायचं काही कारण नाही. टार्गेटला तो लागत नसेल तर सोर्समधूनच घेऊ नका.

गावाचंही तसंच. एकाच तालुक्यात खुर्द आणि बुद्रुक असतं, पिंपरी तर चार-पाच निघतात, आणि सातबारावर रिठी गावाचं नाव असतं जिथं कुणी राहतच नाही. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला कोड आहे, महाराष्ट्राचा राज्य कोड २७. तुमच्या खरेदीच्या पट्ट्यातल्या गावांचा लुकअप एकदा हातानं बनवा. कामाला एक दुपार जाते, पण नंतर सुख आहे. जुनी सभासद यादी कृतीदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत टाइप केलेली असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, मगच मॅपिंगला घ्या. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली नाही तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

जमिनीचं क्षेत्र सातबारावर हेक्टर-आरमध्ये असतं, शेतकरी एकरात सांगतो. एक हेक्टर म्हणजे २.४७१ एकर, तेवढं सोपं. अडचण टाइप करण्यात आहे. एक हेक्टर पाच आर म्हणजे १.०५, पण ऑपरेटर ‘१.५’ लिहितो. पहिलं २.५९ एकर, दुसरं ३.७१ एकर. हेक्टर आणि आर असे दोन वेगळे रकाने भरायला लावा आणि मॅपिंगमध्ये हेक्टर अधिक आर भागिले शंभर असं गणित करा. जुन्या यादीत बिंदूनंतर एकच अंक असेल तर ती ओळ सातबारा पाहूनच पुढे जाऊ द्या.

तारखेबद्दल एवढंच: फॉरमॅट स्वतः लिहून द्या, सॉफ्टवेअरला ओळखायला सांगू नका. ०५/११/२०२५ हे पाच नोव्हेंबरचं ११ मे होतं आणि चूक दिसतही नाही, कारण तेरा तारखेपासून पुढच्या तारखा अडतात, आधीच्या बिनबोभाट जातात.

चालवून पाहताना

आता रेघा ओढा. सिलेक्ट व्हॅल्यूजमध्ये नावं आणि प्रकार बदला, लुकअप लावा, गणितं करा, नाकारलेल्या ओळींना वेगळी वाट द्या. पहिली चाचणी एकाच दिवसाच्या फाइलवर घ्या. काट्यावर तारेत ओवलेल्या त्या दिवसाच्या पावत्या काढून आणा आणि तीन आकडे जुळवा: पावत्यांची संख्या, निव्वळ किलोंची बेरीज, एकूण रक्कम. सोर्सच्या ओळी म्हणजे टार्गेटमध्ये गेलेल्या अधिक नाकारलेल्या, एकही इकडेतिकडे नको. मग मुद्दाम वाकड्या पावत्या निवडून हातानं तपासा: तिघांची गाडी, फरदड, ओलावा रिकामा, सोळा अंकी खातं.

नाकारलेल्या ओळींची फाइल कुणाकडे जाणार हे नावानिशी ठरवा. आमच्याकडे ती रोज संध्याकाळी छापून काकाजींकडे जाते, ते पेननं दुरुस्त करून देतात, आणि चुकाऱ्याची फाइल बँकेत जायच्या आधी दुसऱ्या दिवशी त्या ओळी पुन्हा चालवतो. काट्याचं सॉफ्टवेअर देणारा न सांगता एखादा रकाना पुढेमागे करतो, म्हणून रोजच्या फाइलची पहिली ओळ कालच्याशी तंतोतंत जुळते का हे तपासणारं एक पाऊल सुरुवातीलाच टाका. जुळलं नाही तर काम तिथंच थांबलं पाहिजे. तक्त्यात बदल केला की वर तारीख घाला आणि जुना तक्ता ठेवून द्या. फेब्रुवारीत कुणी नोव्हेंबरचा चुकारा विचारायला येतो तेव्हा त्या वेळचाच नियम काढून दाखवावा लागतो.