दुपारनंतर कोरडी पडणारी लेन्स आणि बुबुळाभोवतीची लाली : माझा अनुभव

वातानुकूलित कार्यालयात दुपारी ३ नंतर माझ्या मासिक (महिनाभर वापरायच्या) हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या, कॉन्टॅक्ट लेन्स कोरड्या पडत, धूसर झालेली दृष्टी पापणी मिटताच क्षणभर निवळे आणि संध्याकाळी बुबुळाभोवती लाल कडे दिसे. डोळ्यांत घालायचे थेंब, लेन्स स्वच्छ करायचे नवे द्रावण, त्याच प्रकारची नवी जोडी, सारे निष्फळ ठरले; ते चार महिने फार त्रासाचे गेले.

दोष लेन्सच्या पदार्थात होता. साध्या हायड्रोजेलमधून प्राणवायू पाण्यावाटेच कॉर्नियापर्यंत (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यापर्यंत) पोहोचतो, आणि जास्त पाणी असलेली लेन्स कोरड्या हवेत सहसा लवकर सुकते. सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये मात्र प्राणवायू मुख्यतः सिलिकॉनमधून जातो, म्हणून तो पाण्यावर फारसा अवलंबून नसतो.

नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने आधी ७ दिवस फक्त चष्मा वापरला आणि मग स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या प्रकाशयंत्राखाली) कॉर्निया तपासून घेतला. त्यानंतर सिलिकॉन हायड्रोजेलची रोज बदलायची लेन्स घालून, १५ मिनिटांनी पापणी मिटताना ती किंचित सरकते का, हे पाहिले. ती घट्ट बसल्यामुळे ८.४ ऐवजी ८.८ मिलिमीटर वक्रता-त्रिज्येची, म्हणजे जरा सपाट, लेन्स घेतली. (हे आकडे दुसऱ्या लेन्सला तसेच लागू पडत नाहीत, कारण व्यास आणि पदार्थाचा ताठपणा यांवरही बसण अवलंबून असते.) पहिल्या दिवशी ४ तास, पुढे रोज २ तास वाढवत १० तासांवर थांबलो. तिसऱ्या आठवड्यात लाली गेली.