वाचा आणि श्रवण यांचा अभ्यास : बारावीनंतर बीएएसएलपी निवडताना

स्पीच थेरपी म्हणजे न बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणे, असा समज अनेक घरांत असतो. तो चुकीचा नसला तरी फार अपुरा आहे. बीएएसएलपी (बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी) ही पदवी श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा उपचार अशा दोन शाखांची एकत्र पदवी असून तिच्या कक्षेत जन्मतः ऐकू न येणारे बाळ येते, अडखळत बोलण्यामुळे वर्गात हात वर करायला घाबरणारा मुलगा येतो, पक्षाघातानंतर समोरच्या माणसाचे नाव आठवूनही ओठांवर न आणू शकणारे आजोबा येतात, वर्षानुवर्षे मोठ्या वर्गाला शिकवून आवाज बसलेल्या शिक्षिका येतात आणि कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागलेला रुग्णही येतो. घास किंवा पाणी गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णांवर उपचार करणे हाही याच व्यवसायाचा भाग आहे, याची कल्पना पुष्कळांना पहिल्या वर्षात येते.

म्हणून अर्ज भरण्याआधी एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या वाचा-श्रवण विभागात परवानगी घेऊन दोन-तीन दिवस बसावे. तेथे उपकरणांपेक्षा उपचारतज्ज्ञ आणि पालक यांच्यातील संवादाकडे अधिक लक्ष द्यावे. एकच ध्वनी साधण्यासाठी तेच चित्र, तोच शब्द, तोच खेळ कित्येक आठवडे पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, आणि आईला तो घरी कसा घ्यायचा हे दर वेळी नव्या उत्साहाने समजवावे लागते. हे पाहताना आपले मन रमते की कंटाळते, याचे प्रामाणिक उत्तर स्वतःला द्यावे. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून नाइलाजाने येथे आलेले विद्यार्थीही पुढे उत्तम काम करतात, परंतु या कामाची ओढ आधीपासून असेल तर पहिले वर्ष पुष्कळ सुसह्य होते.

हा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे : तीन वर्षे अध्ययन आणि शेवटचे एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप). बारावीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र आवश्यक असून तिसरा विषय जीवशास्त्र किंवा गणित असला तरी या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नियमांनुसार चालतो. मात्र नीटसाठी जीवशास्त्र लागत असल्याने आपल्याला हव्या असलेल्या संस्थेची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच विषय ठरवावेत. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील प्रवेश नीटच्या गुणांवर राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेली शाळा आणि वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ, तर राज्याबाहेर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ही परिचित ठिकाणे आहेत. संस्था कोणतीही असो, तिच्या या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावे. परिषदेच्या 1992 च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे गुन्हा आहे, आणि मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाच्या पदवीवर ती नोंदणी मिळत नाही.

पहिल्या वर्षी शरीररचना, मानसशास्त्र, भाषाविज्ञान आणि ध्वनीचे भौतिकशास्त्र एकदमच समोर येतात. जीवशास्त्राकडून आलेल्या विद्यार्थ्यांना बहुधा शेवटचा विषय जड जातो. डेसिबल हे लॉगॅरिथमिक माप आहे. 20 डेसिबलने ध्वनी वाढतो तेव्हा त्याची तीव्रता शंभरपट झालेली असते. हे एकदा नीट समजले की श्रवणालेख (श्रवणतपासणीचा आलेख) वाचणे सोपे होते, आणि समजले नाही तर पुढची तीनही वर्षे पाठांतरावर निघतात. त्यामुळे अकरावी-बारावीचा तरंग आणि ध्वनी हा भाग प्रवेशापूर्वीच्या सुट्टीत पुन्हा वाचून काढावा, असे मी आग्रहाने सांगेन.

भाषाविज्ञानाकडे मात्र मराठी विद्यार्थ्याने वेगळ्या आस्थेने पाहायला हवे. पाठ्यपुस्तके इंग्रजीत असतात आणि त्यांतील बहुतेक उदाहरणेही इंग्रजीच असतात, तर समोर बसलेले मूल मराठी बोलत असते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ एकाच अक्षराने लिहिला जात असला तरी दोन्ही उच्चार भिन्न आहेत. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘मन’ आणि ‘मण’ यांत एका व्यंजनाने अर्थ बदलतो. अशा जोड्यांची स्वतःची वही विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासूनच ठेवावी, कारण उच्चारदोष तपासताना आणि उपचाराचे शब्द निवडताना तीच उपयोगी पडते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोली आणि दोष यांतील फरक ओळखणे. वऱ्हाडातील मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते, कित्येक घरांत ‘पाणी’ हे ‘पानी’च असते, आणि खानदेशातील मुलाच्या घरची भाषा अहिराणी असू शकते. घरातील सारी माणसे जसे बोलतात तसेच मूल बोलत असेल, तर तो दोष नव्हे, आणि त्यावर उपचार करणे हा त्या मुलावर अन्याय आहे. म्हणून मुलाची चाचणी घेण्याआधी त्याची आई आणि आजी कशा बोलतात हे ऐकण्याची सवय विद्यार्थिदशेतच लावून घ्यावी.

आंतरवासितेच्या वर्षात मुलांचा विभाग सोयीचा वाटतो म्हणून तेथेच रमू नये. नवजात बाळांची श्रवणतपासणी, पक्षाघाताचा कक्ष, कान-नाक-घसा शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण आणि श्रवणयंत्र बसवण्याचे काम या सर्व ठिकाणी पुरेसा वेळ मागून घ्यावा. बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात, दोषाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा या क्षेत्रातील सर्वमान्य दंडक आहे. तालुक्याच्या गावाहून तीन वर्षांचे मूल प्रथमच तपासणीला येते, तेव्हा केवढा काळ हातचा गेला हे त्या दंडकाच्या आधारेच कळते.

नोकरीचा विचार करताना मोठी रुग्णालयेच डोळ्यांसमोर ठेवण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, आणि त्याखालील, मुलांमधील दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत श्रवण व वाचा तज्ज्ञांची पदे असतात. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे 50 लाख नोंदली गेली, आणि त्यांतील कितीतरी कुटुंबे मोठ्या शहरांपासून दूर राहतात. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या तज्ज्ञाला माणसे शोधत जावे लागत नाही. विशेष शाळा, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले ऐकण्याचे उपकरण) बसवल्यानंतरचे पुनर्वसन, श्रवणयंत्र कंपन्या, गोंगाटाच्या कारखान्यांतील कामगारांची श्रवणतपासणी आणि कर्करोग रुग्णालयांतील आवाज व गिळण्याचे उपचार हे अन्य मार्ग आहेत. स्वतःचे केंद्र काढण्याची घाई मात्र करू नये. अनुभवी तज्ज्ञाच्या हाताखाली निदान दोन वर्षे काढावीत, हे माझे स्पष्ट मत आहे.

पदवीनंतर श्रवणशास्त्र किंवा वाचा-भाषा उपचार यांपैकी एका शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेता येते, आणि अध्यापन व संशोधनासाठी ते आवश्यकच आहे. बीएएसएलपीला प्रवेश न मिळालेल्यांनी हे क्षेत्र सोडण्याचे कारण नाही : श्रवण, भाषा व वाचा यांची एक वर्षाची पदविका, कर्णबधिर मुलांच्या शिक्षणासाठीची विशेष बी.एड. किंवा भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषाचे प्रशिक्षण या वाटांनीही याच माणसांपर्यंत पोहोचता येते.

परदेशी जाण्याचा विचार असेल तर नियम देशागणिक भिन्न आहेत. अमेरिकेत वाचा-भाषा उपचारासाठी पदव्युत्तर पदवी आणि श्रवणशास्त्रासाठी व्यावसायिक डॉक्टरेट लागते, तर ब्रिटनमध्ये वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून काम करण्यासाठी तेथील आरोग्य व्यवसाय परिषदेकडे नोंदणी करावी लागते. अशा वेळी अभ्यासक्रमाचा तपशील आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या तासांचा हिशेब मागितला जाऊ शकतो. त्यासाठी प्रत्येक सत्राच्या शेवटी आपल्या तासांची नोंद विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यासह घेऊन ठेवावी, कारण काही वर्षांनंतर ती मिळवणे अतिशय कठीण जाते.