कुत्र्याचं पिल्लू नखं कापू देत नव्हतं, तेव्हा लागू पडलेला उपाय

चूक बहुतेकदा एकच असते: पहिल्याच दिवशी घट्ट धरून चारही पाय उरकायचे. मग नेलकटर दिसताच पिल्लू पलंगाखाली!

पहिला आठवडा कापायचंच नाही. पंजा हातात घ्या, दोन सेकंद दाबा, सोडा, मग उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्या. क्रम उलटा नको. खाऊ आधी दाखवला की पिल्लू खाऊलाच संशयाने बघू लागतं. पंजा खेचला तर पकड घट्ट करू नका, उद्या एकच सेकंद धरा. पुढे नेलकटर नुसतं टेकवा, शेजारी कच्ची शेवई कापून 'कट्' आवाज ऐकवा. मग दिवसाला एकच नख, टोकाचा १ मिमी. काळ्या नखात आतली शीर दिसत नाही, म्हणून पातळ चकत्या काढा. कापलेल्या भागात मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

ब्रशचंही असंच, पाठीपासून सुरुवात, शेपूट शेवटी. अंघोळ मात्र नाशिकच्या थंडीत दुपारी, कोमट पाण्याने, आणि माणसांचा शाम्पू नकोच.